खाटेवरचा कापूस

सुमनबाई नावाच्या एका बाईंची मी सात दिवस मनापासून सेवा केली. दर दोन तासांनी कूस बदलली, कोमट पाण्यानं अंग पुसलं, पेज भरवली, त्यांच्या मनावरचा ताण ओळखून त्यांना धीर दिला. सातव्या दिवशी सुमनबाई बऱ्या होऊन घरी गेल्या. अडचण एवढीच, की सुमनबाई या जगात कधी नव्हत्याच.

त्या आमच्या अभ्यासाच्या पुस्तकात होत्या. 'कामाची वही कशी लिहावी' याचा नमुना म्हणून त्यांचे सात दिवस छापले होते. मी विचार केला, छापील पुस्तकात आहे म्हणजे हेच बरोबर उत्तर असणार. मग आपलं वेगळं लिहून मार्क कशाला घालवायचे? तीन संध्याकाळी बसून, वळणदार अक्षरात, मथळे लाल शाईनं अधोरेखित करून मी सुमनबाईंना वहीत उतरवलं. वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी. पंचवीस वर्षं खऱ्या माणसांची अंगं पुसलेली मी, पदवीसाठी एका कागदी बाईची सेवा करत बसले होते.

पुढच्या रविवारी यवतमाळच्या अभ्यासकेंद्रात राठोड मॅडमनी वह्या तपासायला घेतल्या. त्या आम्हाला शिकवायच्या आणि गुणही द्यायच्या. वयानं माझ्या धाकट्या बहिणीएवढ्या, पण चष्म्याच्या वरून बघायच्या तेव्हा मला शाळेतल्या बाकावर बसल्यासारखं वाटायचं. त्यांनी अगदी मायेनं विचारलं, "मंदाबाई, तुमच्या सुमनबाई कशा आहेत आता?"

"बऱ्या आहेत मॅडम. परवाच घरी गेल्या."

"न्यायला कोण आलं होतं?"

"मुलगा," मी ठोकून दिलं. हे पुस्तकात नव्हतं. ते मी स्वतःच्या बुद्धीनं घातलं.

मॅडमनी शेजारची वही उघडली. "पुसदच्या वंदनाबाईंच्या सुमनबाईही परवाच गेल्या. त्यांना मुलगी आली होती न्यायला. आणि महागावच्या सुमनबाईंना जावई. फार माणसं आहेत बाईंच्या घरात."

सगळा वर्ग हसला, आणि सगळ्यांत मोठ्यानं कोण हसलं असेल तर ते मीच. लाज लपवायची ती माझी जुनी रीत आहे.

आता हा काय प्रकार होता ते सांगते. मी दिग्रसच्या एका दवाखान्यात आया होते. चौदा खाटांचा दवाखाना. त्यातल्या मागच्या सहा खाटा लांबच्या मुक्कामाच्या. मोठ्या दवाखान्यात जीव वाचला, पण घरी नेण्यासारखी अवस्था नाही, अशी माणसं तिथं महिना-दोन महिने राहायची. आयाचं काम म्हणजे काय, असं लोक विचारतात. डॉक्टर दहा मिनिटं येतो, सिस्टर सुई-गोळीला येते, उरलेला सगळा दिवस जो कोणी त्या माणसाजवळ असतो, ती आया. भांडं लावायचं, काढायचं, आंघोळ, जेवण, केस, नखं, चादर. कोणाला कितीदा संडासला झालं हे आम्हाला पाठ असतं. आमच्या कामात काही शिकण्यासारखं असेल असं मात्र कोणाला वाटत नाही, आणि खरं सांगायचं तर मलाही वाटत नव्हतं.

त्यात मी स्वतःला फार हुशार समजायचे. कामाला लागले तेव्हा सव्वीस वर्षांची होते. डॉक्टरांच्या फेरीआधी सगळ्या पेशंटांच्या तोंडाला पावडर लावून ठेवायचे. पेशंट कसे टवटवीत दिसले पाहिजेत. एकदा डॉक्टर एका बाईच्या खाटेशी थांबले, बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, जरा ओला टॉवेल आणा. पावडर पुसली तर खालून हळदीसारखा पिवळा चेहरा निघाला. कावीळ. माझ्या टवटवीतपणात ती दोन दिवस लपून बसली होती. डॉक्टर मला रागावले नाहीत, नुसता डबा घेऊन गेले. मला वाटलं, त्यांना पावडर आवडली.

तर अशा बाईला पदवीला बसवलं आमच्या फरजाना सिस्टरनं. ही मुलगी दिग्रसचीच, वडिलांचं बसस्टँडजवळ मोटार दुरुस्तीचं गॅरेज. मी तिला शाळेच्या दप्तरासकट पाहिलेली, आणि आता ती आमची इन्चार्ज. तिनं एक दिवस फॉर्मच आणून समोर ठेवला. मुक्त विद्यापीठानं दवाखान्यातल्या नि वृद्धाश्रमातल्या आमच्यासारख्या मदतनीस लोकांसाठी तीन वर्षांची पदवी काढली होती. नोकरी सोडायची नाही. रविवारी वर्ग, आणि बाकीचे सहा दिवस आपलं काम हाच वर्ग. जे काम करतो त्यावरच लिहायचं, त्यातच परीक्षा. कामाच्या जागी एक मार्गदर्शक हवा, ती फरजाना सिस्टर. म्हणजे मी जिला बोट धरून रस्ता ओलांडून दिला होता, ती आता माझ्या वहीवर सही करणार. दहावी पास होते, पूर्वतयारीची परीक्षा दिली आणि लागले मी कॉलेजला. नात सहावीत नि आजी पहिल्या वर्षाला. घरात एकच कंपासपेटी, त्यावरून आमची भांडणं व्हायची.

सुमनबाई घरी गेल्यावर राठोड मॅडमनी मला नवी वही दिली. म्हणाल्या, आता तुमच्या वार्डातलं एक खरं माणूस घ्या. नाव बदला, कारण पेशंटचं नाव बाहेर सांगायचं नसतं. सुमनबाई सोडून काहीही ठेवा. मग त्यांनी प्रत्येक पानावर पट्टीनं मधोमध उभी रेघ मारून दिली. डाव्या बाजूला लिहायचं 'मी काय केलं'. उजव्या बाजूला, 'पेशंटनं काय केलं'.

मी परतीच्या बसमध्ये दारव्ह्यापर्यंत त्या उजव्या बाजूचा विचार करत होते. पेशंट काय करणार? पेशंट पडलेला असतो.

त्याच आठवड्यात आमच्याकडे गिरजाबाई आल्या. हेही नाव बदललेलंच आहे बरं का. महागावकडच्या, सत्तरीच्या, घरची शेती असलेल्या. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. गावात एकट्या राहायच्या नि मजुरांवर आवाज चढवून कापसाची पऱ्हाटी नि तूर पिकवायच्या. त्यांना लकवा मारला, उजवं अंग गेलं. यवतमाळला जीव वाचला. बोलणं जरा जड झालं होतं, पण होतं. नुसतं त्यांनी ते बंद ठेवलं होतं. भिंतीकडे तोंड करून पडायच्या. मी भरवलं तर गिळायच्या, नाही भरवलं तर मागायच्या नाहीत.

त्यांचा मुलगा सुधाकर पुण्याला कंपनीत होता. दर शनिवारी रात्रभर प्रवास करून यायचा, वाईट माणूस नव्हता. त्यानं आईला माझ्यादेखत सांगितलं होतं, की माय, तू आपल्या हातानं जेवली, काठी घेऊन संडासले गेली नि स्वतः गॅस पेटवला, त मी तुले तुह्या घरी सोडतो. सकाळ-संध्याकाळ शेजारच्या सुनेले पाहाले सांगतो. नाही जमलं त घराले कुलूप, नि तू पुण्याले माह्याजवळ. तिसरा मजला होता त्याचा. मुलगा गेल्यावर गिरजाबाईंच्या उशीचा अभ्रा मी बदलला, तो ओला होता.

माझ्या वहीची डावी बाजू मात्र काय भरायची! डोकं वर करून बसवलं, हनुवटी खाली ठेवून भरवलं, घास चांगल्या गालाकडून दिला, कारण लकव्याच्या बाजूला अन्न साठून राहतं नि माणूस गुदमरू शकतो. झंपर घालताना आधी लुळा हात घातला, काढताना आधी चांगला काढला. लुळ्या हाताला धरून कधी ओढलं नाही, खांदा निखळतो. सगळं पुस्तकाप्रमाणे आणि पंचवीस वर्षांच्या सवयीप्रमाणे. उजवी बाजू नऊ दिवस कोरी. नऊ पानं. फरजाना सिस्टरनं सही करताना ती पानं उलटून पाहिली नि म्हणाली, "मंदाबाई, ही बाई जिवंत आहे ना?"

फार लागलं मला ते. व्यायामाचे सर आठवड्यातून दोनदा यायचे. त्यांनी दाबायला एक निळा स्पंजाचा चेंडू देऊन ठेवला होता. मी तो गिरजाबाईंच्या हातात दिला नि नाना लाडीगोडीनं सांगितलं, दाबा बरं, शाब्बास. त्यांनी डाव्या हातानं तो खाटेखाली भिरकावला. नऊ दिवसांत पहिल्यांदा बोलल्या, "मी काय पोट्टी आहो काय चेंडू खेळाले?"

मी ते उजव्या बाजूला लिहिलं. चेंडू फेकला. दुसरं काही लिहायला नव्हतंच.

कापसाचं मात्र माझ्या डोक्यात आलं ते पुस्तकातून नाही. वेचणीचे दिवस होते. रविवारी यवतमाळहून येताना बसच्या खिडकीतून दोन्हीकडे बाया ओळीनं वेचताना दिसत होत्या, कमरेला ओटी बांधून, गप्पा हाणत. तोंडं एकमेकींकडे आणि बोटं आपली आपली चाललेली. आमच्याकडे बायांची बोटं हे काम झोपेतही करतील. मी घरी जायच्या आधी भावाच्या वावरात उतरले आणि बोंडांनी लगडलेल्या चार-पाच फांद्या तोडून आणल्या.

सोमवारी सकाळी रिकाम्या सलाइनच्या स्टँडला मी त्या फांद्या बँडेजच्या पट्टीनं बांधल्या आणि स्टँड गिरजाबाईंच्या खाटेशी लावला. त्यांना उशांवर टेकवून बसवलं. काही सांगितलं नाही. स्वतःच एक बोंड वेचायला लागले, ते मुद्दाम वाईट वेचलं, असं मी मागाहून सगळ्यांना सांगत असे. खरं म्हणजे मला वेचताच येत नाही. माझं सगळं आयुष्य दवाखान्यात गेलं.

गिरजाबाई काही वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "असा येचते काय कोनी? अर्धा कापूस बोंडातच ठेवला तुनं."

"मग दाखवा ना तुम्ही," मी म्हटलं.

त्यांनी डावा हात पुढे केला. मी फांदी जरा उजवीकडे सरकवली. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की माझा डाव त्यांना पुरता कळला होता. मग डाव्या हातानं उजवा हात उचलून त्यांनी तो बोंडावर ठेवला. बोटं थरथरत होती. अर्ध्या तासात दोन बोंडं झाली. दोन्ही स्वच्छ, पाचोळ्याचा कण नाही. उजव्या बाजूला मी लिहिलं, 'दोन बोंडं वेचली. मला शिव्या दिल्या.' फरजाना सिस्टर आत आली नि दारातच थांबली. तिला वार्डात झाड दिसलं होतं. ती म्हणाली, किडे निघाले तर तुम्हाला आणि झाडाला एकदमच बाहेर काढीन. पण तिनं ते पान वाचलं आणि सही केली.

दुसऱ्या दिवशी चार बोंडं. तिसऱ्या दिवशी सात. वार्डातल्या इतर बायाही आपल्या खाटेवरून सल्ले द्यायला लागल्या. मी हवेत. व्यायामाच्या सरांना विचारायचं राहूनच गेलं होतं. अहो, राहून कसलं गेलं, मला विचारायचंच नव्हतं. माझी युक्ती होती ना. त्यांनी नाही म्हटलं असतं तर?

चौथ्या दिवशी मी बाजूच्या खाटेची चादर बदलत होते. मागून गिरजाबाई गुणगुणत होत्या. वळून पाहिलं तर त्यांच्या मांडीवरच्या कापसावर लाल ठिपके.

ज्यांनी वेचणी पाहिली नाही त्यांना सांगते, बोंड उकललं की त्याच्या वाळलेल्या टरफलाची टोकं काट्यासारखी कडक होतात. वेचणाऱ्या बाईच्या बोटांना ती टोचतात, म्हणून ती हात मागे घेते. गिरजाबाईंच्या उजव्या हाताला टोचलेलं कळतच नव्हतं. लकव्यानं नुसती ताकद गेली नव्हती, जाणीवही गेली होती. चार बोटांच्या पेरांवर ओरखडे होते, अंगठ्याशी एक खोल. आणि त्यांना साखर होती. साखरेच्या माणसाची जखम म्हणजे काय असते, हे मी पंचवीस वर्षं धूत आले होते. एका बाबांचा तर पायाचा अंगठा काढताना मी ट्रे धरून उभी होते. एवढं सगळं माहीत असून मी त्या मेलेल्या हाताला काट्यात घातलं होतं.

त्या बोलल्या, "काहून वं, थांबली कायले?" त्यांना अजून काही कळलेलं नव्हतं.

मी हात धुतला, औषध लावलं. लाल ठिपक्यांचा कापूस कचऱ्याच्या बादलीत टाकून वर कागद दाबला. वही उघडून उजव्या बाजूला लिहिलं, 'नऊ बोंडं. पेशंट आनंदी.' यात खोटं काहीच नव्हतं. आणि लिहिता लिहिता मला पावडरचा तो डबा आठवला. तेव्हा मी अडाणी तरी होते. आता मी दुसऱ्या सत्राची विद्यार्थिनी होते.

मी ओळीखाली दुसरी ओळ लिहिली. चार बोटांना टोचलं, पेशंटला समजलं नाही, मी सरांना विचारलं नव्हतं. वही घेऊन फरजाना सिस्टरकडे गेले.

ती मुलगी मला जे बोलली ते मी इथं लिहीत नाही. तिनं बोलायलाच पाहिजे होतं. डॉक्टर आले, जखमा पाहिल्या, रोज दोनदा पट्टी बदलायची असं ठरलं. झाड बाहेर गेलं. माझ्यावर लेखी ताकिदीचा एक कागद झाला आणि मी त्यावर सही केली. रात्री घरी नवऱ्याला सांगितलं, की पदवी गेली नि बहुतेक नोकरीही. तो म्हणाला, नोकरी गेली तर तेवढा अभ्यासाला वेळ मिळेल. त्याची समजूत घालायची रीत अशी आहे.

मला मात्र शनिवारची भीती होती. सुधाकर आला, आईच्या हाताची पट्टी पाहिली. त्यानं विचारायच्या आधीच मी सांगून टाकलं. तो ओरडला नाही, ते जास्त वाईट होतं. नुसता म्हणाला की पुढच्या शनिवारी गाडी करून येतो आणि मायला पुण्याला नेतो. गिरजाबाईंनी भिंतीकडे तोंड केलं.

फरजाना सिस्टर दोन दिवस माझ्याशी धड बोलली नव्हती. तिनं त्याला ऑफिसात बोलावलं, जखमेचं सगळं नीट समजावून सांगितलं, काहीही लपवलं नाही. मग माझी वही त्याच्यासमोर ठेवली आणि म्हणाली, डावी बाजू वाचू नका, ती मंदाबाईंची आहे. उजवी वाचा, ती तुमच्या आईची आहे.

त्यानं नऊ कोरी पानं उलटली. मग 'चेंडू फेकला' ही ओळ. मग दोन बोंडं. चार. सात. नऊ, आणि त्याखालची ती ओळ. तो परत वार्डात गेला आणि आईच्या खाटेशी बसला. मग त्यानं विचारलं, "माय, तुले खरंच येचता आले नऊ?"

"हात बांधून ठेवला या लोकायनं," गिरजाबाई भिंतीकडूनच म्हणाल्या, "नाही त वीस केले असते."

त्यानं तीन आठवड्यांची मुदत दिली. जखमा सुकायला त्यातले दहा दिवस गेले. व्यायामाच्या सरांना मी पहिल्यांदा सगळं सांगितलं, आणि माझी सगळी भीती फुकट होती असं निघालं. ते म्हणाले, कल्पना चांगली आहे, पण जे हाताला कळत नाही ते डोळ्याला कळलं पाहिजे. बोटांकडे बघत वेचायचं, गप्पा बंद. आणि टोकं कापायची. मग मी दुपारची सुट्टी घेतली की व्हरांड्यात बसून नेलकटरनं बोंडांची टोकं कापत बसायचे. जाणारे-येणारे विचारायचे, मंदाबाई, बोंडांची नखं काढून राहिल्या काय? मी म्हणायचे, हो, बी.ए.चा अभ्यास आहे.

कापसानं हात पूर्ण बरा झाला, असं मी म्हणणार नाही. सरांचे व्यायाम होते, गोळ्या होत्या, गिरजाबाईंचा हेका होता. पण चिमूट परत आली. चिमूट आली की भाकरीचा तुकडा येतो, आणि पुढे गॅसचं बटणही. काठीनं चालणंही सरांनी त्याच दिवसांत करवून घेतलं.

तिसऱ्या शनिवारी राठोड मॅडम माझं काम पाहायला आल्या. पदवीत तसं असतं, परीक्षक येऊन एक काम उभं राहून बघतात. मी 'पेशंटला जेवणासाठी मदत' हे निवडलं होतं. सुधाकरही त्याच दिवशी आला होता, आईची परीक्षा घ्यायला. एका ताटावर दोघींची परीक्षा.

ताटात ज्वारीची भाकरी, तुरीचं वरण, वांग्याची भाजी. मी गिरजाबाईंना ताठ बसवलं, ताट पुढे ठेवलं, आणि आता मला काहीच करायचं नव्हतं. वाचकहो, पंचवीस वर्षं ज्या बाईनं दहा मिनिटांत पेशंट जेवू घालून पुढची खाट गाठली, तिला विचारा काहीच न करणं म्हणजे काय असतं. उजव्या हातातला पहिला तुकडा वरणात पडला. दुसरा तोंडापर्यंत गेला आणि झंपरवर आला. सुधाकर पुढे झाला, मी मानेनंच नको म्हटलं. माझे हात आपोआप उठत होते, म्हणून मी त्यांच्यावर बसले. खरोखर बसले, स्टुलावर, दोन्ही तळवे खाली घालून. वरण कोपरापर्यंत ओघळलं. राठोड मॅडम पेन न उघडता बघत होत्या. मला वाटलं, झालं, नापास. पेशंट माखला आहे आणि विद्यार्थिनी हातावर बसली आहे.

चाळीस मिनिटं लागली. शेवटचा घास गिळून गिरजाबाईंनी ओठ पुसले, काठी मागितली आणि हात धुवायला मोरीकडे निघाल्या. मी त्यांच्या लुळ्या बाजूनं एक पाऊल मागे, हात न लावता. सुधाकरनं खिशातून रुमाल काढला. तोंड पुसतो असं दाखवलं त्यानं.

मॅडमनी मला विचारलं, "तुम्ही काय केलंत आज?"

"काही नाही मॅडम. बसून राहिले."

"तेवढंच लिहा डाव्या बाजूला," त्या म्हणाल्या, आणि मग त्यांनी पेन उघडलं.

गिरजाबाई घरी गेल्या. मी उरलेली दोन वर्षं पूर्ण केली, पास झाले, काळा झगा घालून फोटो काढला. त्यात मी वकिलासारखी दिसते, असं नात म्हणते. सगळं गोड झालं असं नाही. पुसदची वंदना, ती सुमनबाईंना मुलीसोबत पाठवणारी, दुसऱ्या वर्षी घरच्यांच्या कटकटीला कंटाळून थांबली. आमच्यात सगळ्यांत हुशार तीच होती, आणि मी तिच्या घरी जाऊन दोन गोष्टी बोलायला हव्या होत्या, त्या बोलले नाही. पदवी मिळाली तरी हजेरीच्या वहीत माझ्या नावापुढे निवृत्तीपर्यंत 'आया' हेच राहिलं. पण मी निघाले तेव्हा दवाखान्यातल्या दोन पोरी त्याच पदवीला बसल्या होत्या, आणि त्यांच्या वह्या मी आता घरी बसून बघते. पानावर मधोमध रेघ मारून देते. त्या म्हणतात, आजी, उजवी बाजू भरत नाही. मी म्हणते, थांबा जरा.

निकाल लागल्यावर पेढे घेऊन मी गिरजाबाईंच्या गावी गेले. अंगणात तुरीच्या शेंगा वाळत होत्या. त्यांनी मला चुलीजवळच्या पाटावर बसवलं, साखर आहे म्हणून पेढ्याचा कणच तोंडात टाकला, पदवीचा कागद उलटसुलट करून पाहिला आणि चहा करायला उठल्या. काठी भिंतीला टेकवली. गॅस पेटवला, दुसऱ्या प्रयत्नात. पातेलं डाव्या हातात नि साखरेचा चमचा उजव्यात. चमचा थरथरत पातेल्याकडे निघाला, अर्धी साखर ओट्यावर सांडली. माझ्याच्यानं राहवलं नाही. पदवीधर बाई मी, पण उठलेच, आणि चमच्याकडे हात नेला. गिरजाबाईंनी मान न वळवता सांगितलं, "बस खाली. मी करून राह्यली ना? हात लावशीन त नापास करीन तुले."